लुई पाश्चर: दुधाच्या पिशवीवरचं नाव, पण कोडं सोडवलं वाईनचं

दुधाच्या पिशवीवर पाश्चराइज्ड हा शब्द आपण रोज वाचतो. तो ज्यांच्या नावावरून आला, त्या लुई पाश्चर यांनी ही पद्धत शोधली ती मात्र दुधासाठी नाही, वाईनसाठी.

पाश्चर यांचा जन्म १८२२ चा, पूर्व फ्रान्समधल्या दोल गावचा. वडील कातडी कमवायचे. बालपण गेलं ते जवळच्या आर्बुआत. हे गाव द्राक्षमळ्यांचं. तिथल्या पुल्सार द्राक्षांची साल इतकी पातळ की त्यांची रेड वाईन आपल्या कोकम सरबतासारखी फिकट दिसते. अशी हलकी रेड लगेच प्यायची की ठेवून द्यायची, हा प्रश्न आजही लोकांना पडतो.

तेव्हा तो शौकाचा नाही, पोटाचा प्रश्न होता. १८६० मध्ये फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये व्यापार करार झाला, जकात उतरली, फ्रेंच वाईनला मोठं गिऱ्हाईक मिळालं. पण माल वाटेतच आंबट नाहीतर कडू व्हायचा. १८६३ मध्ये सम्राट तिसऱ्या नेपोलियनने पाश्चर यांना यात लक्ष घालायला सांगितलं. त्यांनी गाठलं ते आर्बुआ. तिथे तात्पुरती प्रयोगशाळा थाटून बिघडलेली वाईन सूक्ष्मदर्शकाखाली घातली. आंबट वाईनमध्ये एक जंतू, कडू वाईनमध्ये दुसराच. उपाय सोपा होता: वाईन हवा न लागू देता ५० ते ६० अंशांपर्यंत तापवायची.

तापवली की चव जाणार, अशी धास्ती होती. १८६५ मध्ये पॅरिसमधल्या जाणकारांनी दोन्ही प्रकार चाखले आणि फरक जाणवतो म्हणून सांगितलं. पाश्चर यांनी मग गुपचूप दोन्ही पेल्यांत एकच वाईन ओतून दिली. त्यातही त्यांना फरक सापडला! (आजचे काही वाईन रिव्ह्यू वाचताना हे हटकून आठवतं.)

आता मुद्द्याची गोष्ट. जंतू मेले तर वाईन मुरणार कशी? पाश्चर यांनी काचेच्या काही नळ्या वाईनने काठोकाठ भरून बंद केल्या, काहींत निम्मी हवा ठेवली. भरलेल्या नळ्यांतली वाईन जशीच्या तशी राहिली. हवेच्या नळ्यांत रंग उतरला, तळाशी गाळ बसला, चव जुन्या वाईनसारखी झाली. म्हणजे नासणं वेगळं आणि मुरणं वेगळं. नासवतात जंतू, मुरवतो तो लाकडातून, बुचातून हळूहळू शिरणारा ऑक्सिजन.

हे काम चालू असताना घरात काय चाललं होतं? १८५९ मध्येच थोरली मुलगी आर्बुआत टायफॉइडने गेली होती. १८६५ मध्ये वडील गेले, त्याच वर्षी दोन वर्षांची कमिल गेली. १८६६ मध्ये बारा वर्षांची सेसिल, तीही टायफॉइडने. त्याच वर्षी त्यांचं वाईनवरचं पुस्तक आलं. १८६८ मध्ये पक्षाघाताने त्यांची डावी बाजू कायमची अधू झाली. रेबीजची लस त्यानंतरची, १८८५ ची. मधल्या काळात त्यांनी आर्बुआजवळ स्वतःचा द्राक्षमळाही घेतला होता. १८९५ मध्ये ते गेले.

त्यांच्या नळ्यांवरून आपल्या बाटलीचं गणित मांडता येतं. ऑक्सिजनला थोपवतं ते मुख्यतः सालीतून येणारं टॅनिन, म्हणजे कोऱ्या चहात जिभेला लागतो तो तुरटपणा. पुल्सार किंवा बोजोलेच्या साध्या गामे वाईनमध्ये ते कमी. त्यांची खरी मजा ताज्या फळाच्या वासात, आणि हवेपुढे आधी जातो तो हाच वास. म्हणून अशी बाटली दोन-तीन वर्षांत, जराशी थंड करून संपवलेली बरी. रंगावर मात्र जाऊ नका. बर्गंडीची चांगली पिनो न्वारही फिकटच असते, पण तिच्यातला आंबटपणा आणि बारीक टॅनिन तिला दहा-वीस वर्षं सहज तारून नेतात.

आणि हे सगळं तळघरातल्या बारा-तेरा अंशांचं बोलणं झालं. आपल्याकडे मे महिन्यात स्वयंपाकघरातल्या कपाटात ठेवलेल्या हलक्या रेडला यातलं काहीच लागू होत नाही. ती आधी उघडा.