दहातला एक : वैद्य सुन सिम्याओ यांचे जीवन



चीनच्या शान्शी प्रांतात तोंगछ्वान शहराजवळ याओवांग नावाचा डोंगर आहे. याओवांग म्हणजे औषधांचा राजा. तेथील मंदिरात ज्यांची पूजा होते ते मूळचे देव नव्हेत. तेराशेहून अधिक वर्षांपूर्वी याच परिसरात जन्मलेले ते एक वैद्य होते, सुन सिम्याओ. राजा ही पदवी लोकांनी नंतर दिली. ते स्वतः आयुष्यभर राजदरबार टाळत राहिले.

त्यांचा जन्म साधारणपणे इ.स. ५८१ चा मानला जातो. लहानपणी ते सतत आजारी असत. औषधे आणि वैद्यांची फी यांत घरची सगळी मालमत्ता संपली, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. एका मुलाच्या दुखण्यापायी अख्खे घर कसे रिकामे होते, हे त्यांनी रोगी म्हणून पाहिले होते. बुद्धी मात्र तल्लख होती. विशीत पोहोचेपर्यंत लाओत्सू, च्वांगत्सू आणि बौद्ध ग्रंथांवर ते अधिकाराने बोलू लागले होते. अशा तरुणासाठी सरकारी पदाची वाट मोकळीच होती. सुई घराण्याच्या संस्थापकाने बोलावले, ते आजारपणाचे कारण सांगून गेले नाहीत. तांग सम्राट ताइझोंग यांनी राजधानी चांगआनला बोलावून पद देऊ केले, तेही नाकारले. ६५९ मध्ये सम्राट गाओझोंग यांनी पुन्हा विचारले. उत्तर तेच. या वेळी ते राजधानीत राहिले, पण पद घेतले नाही.

आता त्यांच्या वैद्यकीकडे येऊ. चिनी वैद्य रोग ओळखतो तो चार मार्गांनी : रोग्याला पाहून, त्याचा आवाज ऐकून व गंध घेऊन, त्याची विचारपूस करून आणि शेवटी मनगटावर तीन बोटे ठेवून नाडी तपासून. नाडी पहाटे, रोग्याने काही खाण्यापूर्वी पाहावी, ही जुनी शिस्त सुन यांनीही सांगितली. आपल्याकडील नाडीपरीक्षा ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात बरेच ओळखीचे वाटेल. सुन यांचा भर आणखी एका गोष्टीवर होता. नाडी पाहणाऱ्याचे स्वतःचे मन स्थिर हवे. ज्याचे मन फीच्या हिशेबात किंवा कीर्तीच्या विचारात आहे, त्याच्या बोटांना नाडी काय सांगणार?

साधारण ६५२ मध्ये त्यांनी आपला मोठा ग्रंथ पूर्ण केला. त्याचे नाव 'छियेनचिन याओफांग'. छियेनचिन म्हणजे सहस्र सुवर्ण. मनुष्याचा जीव त्याहूनही मोलाचा, आणि एका औषधाने तो वाचवता येतो, म्हणून हे नाव. ग्रंथाचे ३० खंड आहेत आणि औषधयोजना पाच हजारांहून अधिक. प्रास्ताविक खंड संपला की लगेच स्त्रियांचे आजार येतात, त्यांना तीन खंड दिले आहेत, आणि त्यांच्यापाठोपाठ बालकांचे आजार. हा क्रम त्यांनी विचारपूर्वक ठेवला, कारण जीवनाची सुरुवातच तेथून होते.

साध्या, घरोघरी आढळणाऱ्या दुखण्यांवर त्यांनी किती बारकाईने लिहिले आहे ते पाहा. गलगंडावर ते समुद्रशेवाळ आणि मेंढीची कंठग्रंथी देत. दोन्हींत आयोडीन असते, हे जगाला कळायला पुढे हजाराहून जास्त वर्षे लागली. रातांधळेपणावर ते यकृत खायला सांगत. लघवी अडलेल्या रोग्यासाठी कांद्याच्या पातीचे टोक कापून ती पोकळ नळी म्हणून आत घालण्याची कृती त्यांनी दिली आहे. सुई टोचण्यासाठी ठरलेल्या बिंदूंबरोबरच, दाबल्यावर रोगी जेथे कळवळून तेच ठिकाण असल्याचे सांगेल, तोही उपचाराचा बिंदू, असे त्यांनी मानले. अशा जागेला आजही अ‍ॅक्युपंक्चरमध्ये आ-शी बिंदू म्हणतात. आधी आहार सुधारून पाहावा आणि त्याने भागले नाही तरच औषधाकडे वळावे, हा त्यांचा नेम होता.

सगळेच मात्र डोळे मिटून घेण्यासारखे नाही. त्यांच्या कृतींत हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचे खनिज, आहे. त्या घरी करून पाहू नयेत, हे सांगायलाच हवे. दुसरीकडे, दीर्घायुष्याच्या लोभाने श्रीमंत लोक खात असलेल्या पाच खनिजांच्या चूर्णाची कृती हाती लागली तर ती जाळून टाकावी, असेही त्यांनीच बजावले आहे.

भारताशी त्यांचे नाते वाचून आपल्याला आनंद होईल. पृथ्वी, जल, अग्नी आणि वायू या चार महाभूतांचा समतोल ढळला की प्रत्येकातून १०१, असे एकूण ४०४ रोग होतात, हा बौद्ध वैद्यकातील विचार त्यांनी आपल्या ग्रंथात घेतला. बुद्धकालीन वैद्य जीवक यांचा उल्लेखही ते आदराने करतात. जगातील प्रत्येक वस्तू औषध आहे, हा जीवकांच्या नावे चालत आलेला विचार त्यांना मनापासून पटला होता.

अहिंसेबाबत त्यांची भूमिका तर त्या काळाच्या वैद्यांत वेगळीच उठून दिसते. एक जीव वाचवण्यासाठी दुसरा घेणे त्यांना मान्य नव्हते. जळू किंवा गोमाशी लागलीच तर बाजारात आधीच मेलेली मिळते ती घ्यावी. कोंबडीचे अंडेसुद्धा अगदी नाइलाज झाला तरच. वर सांगितलेले यकृत या नेमात कसे बसते, असा प्रश्न आपल्याला पडेल. मलाही पडला. जीव वैद्याच्या सांगण्यावरून जाऊ नये, एवढी रेघ त्यांनी ओढली होती असे दिसते.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला.

चीनमध्ये तेव्हा एका रोगाची फार दहशत होती. भुवया झडत, हातापायांची संवेदना जाई, चेहरा विद्रूप होई. लक्षणे कुष्ठरोगाशी जुळतात. घरचे लोकही जवळ येत नसत. सुन यांनी अशा सहाशेहून अधिक रोग्यांवर स्वतःच्या हातांनी उपचार केले, एकेकाची शुश्रूषा स्वतः केली. एका रोग्याला ते डोंगरात घेऊन गेले आणि चीडाचा डिंक खायला दिला. शंभर दिवस होत आले तेव्हा त्याच्या दाढीचे आणि भुवयांचे केस पुन्हा उगवले होते. एवढे लिहून दुसरा कोणी थांबला असता. सुन यांनी पुढचा आकडाही लिहिला : एवढ्या रोग्यांपैकी बरा झाला तो दहातला एक.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. ज्या धंद्यात दहापैकी नऊ व्यवहार बुडतात तो बंद करावा, एवढे आम्हाला पहिल्या वर्षीच कळते. हा वैद्य तसा हिशेब मांडतो, लपवत नाही, आणि पुढच्या रोग्याला दारात घेतो. रोगी श्रीमंत की गरीब, मित्र की वैरी, स्वदेशी की परका हे वैद्याने पाहू नये, सर्वांना आप्त मानावे, जखमेची किळस करू नये, हे नियम त्यांनी ग्रंथाच्या आरंभी घातले आहेत. ते लिहिणाऱ्याने सहाशे जणांच्या जखमा धुतल्या होत्या, हे लक्षात ठेवून ते वाचावेत.

उतारवयात त्यांच्या सहवासात लू चाओलिन नावाचा तरुण कवी आला. दुर्धर रोगाने तो खंगत चालला होता. त्याने आपल्या गुरूंविषयी लिहून ठेवले, म्हणून बरेच आपल्यापर्यंत आले. थोर वैद्य रोग कसा बरा करतो, असे त्याने विचारले, तेव्हा सुन निसर्गाविषयी बोलू लागले. दरड कोसळणे हे धरतीचे गळू, नद्या आटणे हा तिचा शोष. माणसाच्या देहातही तेच घडते, आणि दोन्ही ठिकाणी बिघडलेला समतोल परत आणता येतो. लू मात्र बरा झाला नाही. पुढे वेदना असह्य होऊन त्याने यिंग नदीत देह टाकला. तो त्या नऊ जणांतला होता.

६७४ मध्ये सुन यांनी प्रकृतीचे कारण सांगून राजधानी सोडण्याची परवानगी मागितली. सम्राटांनी निरोपाला उत्तम घोडा दिला. त्यानंतरही लेखन चालूच राहिले आणि पहिल्या ग्रंथाला पुरवणी म्हणून आणखी ३० खंड तयार झाले. ६८२ मध्ये त्यांनी देह ठेवला. अंत्यविधी साधा असावा, थडग्यात कोणतीही वस्तू ठेवू नये आणि श्राद्धासाठी पशू मारू नये, असे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते.