एडवर्ड डॉनल थॉमस

एडवर्ड डॉनल थॉमस (१५ मार्च, इ.स. १९२० - २० ऑक्टोबर, इ.स. २०१२) हे अमेरिकन वैद्य व वैद्यकीय संशोधक होते. रक्ताच्या कर्करोगावर अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची उपचारपद्धती त्यांनी विकसित केली. आज ती मूलपेशी प्रत्यारोपण या व्यापक नावाने ओळखली जाते. या कार्यासाठी त्यांना इ.स. १९९० चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जोसेफ मरे यांच्यासमवेत विभागून मिळाले.

जीवन व शिक्षण

थॉमस यांचा जन्म टेक्सास राज्यातील मार्ट या लहान गावी झाला. वडील गावातील डॉक्टर, तर आई शिक्षिका होती. ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठातून त्यांनी रसायनशास्त्रात पदवी (१९४१) व पदव्युत्तर पदवी (१९४३) घेतली. इ.स. १९४२ मध्ये त्यांचा डॉरथी मार्टिन यांच्याशी विवाह झाला. डॉरथी पत्रकारितेच्या विद्यार्थिनी होत्या. पतीच्या कामात साथ देता यावी म्हणून त्या प्रयोगशाळा तंत्रज्ञ झाल्या आणि पुढे आयुष्यभर त्यांनी संशोधनाचा व लेखनाचा भार वाहिला. थॉमस यांनी इ.स. १९४६ मध्ये हार्वर्ड येथून वैद्यकीय पदवी मिळवली.

संशोधन

अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होतात. रुग्णाची रोगग्रस्त मज्जा औषधांनी व किरणोत्साराने नष्ट करून दात्याची निरोगी मज्जा शिरेवाटे द्यायची, हे या उपचाराचे मूळ तत्त्व आहे. इ.स. १९५५ पासून थॉमस यांनी न्यूयॉर्क राज्यातील कूपरस्टाउन येथे जोसेफ फेरेबी यांच्यासह यावर काम केले. इ.स. १९५७ मध्ये त्यांनी सहा रुग्णांवरील उपचारांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी कोणीही शंभर दिवसांपलीकडे जगले नाही. एकसारख्या जुळ्या भावंडाची मज्जा दिल्यास ती रुजते, हे दिसून आले. परंतु तेथेही कर्करोग लवकरच उलटला.

अन्य दात्याची मज्जा वापरताना दुहेरी अडचण येई. रुग्णाचे शरीर ती नाकारी किंवा दात्याच्या प्रतिकारक पेशी रुग्णाच्याच शरीरावर हल्ला करीत. साठच्या दशकात अनेक संशोधकांनी हा मार्ग सोडून दिला. थॉमस मात्र श्वानांवरील प्रयोगांकडे वळले. ऊतींची जुळणी तपासून दाता निवडणे आणि मेथोट्रेक्सेट हे औषध देणे, या दोन उपायांनी श्वान दीर्घकाळ जगू लागले. इ.स. १९६३ मध्ये ते सिअ‍ॅटल येथे गेले. तेथे इ.स. १९६९ मध्ये ऊती जुळणाऱ्या भावंडांची मज्जा देऊन रुग्णांवर उपचार पुन्हा सुरू झाले. इ.स. १९७५ पासून हे कार्य फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्रात चालले.

इ.स. १९७७ मध्ये या गटाने शंभर रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. इतर सर्व उपचार हरलेल्या या रुग्णांपैकी १३ जण रोगमुक्त अवस्थेत जिवंत होते. हा आकडा लहान वाटला तरी या रुग्णांना दुसरी कोणतीही आशा उरलेली नव्हती. रोग आटोक्यात असतानाच प्रत्यारोपण केल्यास यश अधिक मिळते, हे पुढील अनुभवातून सिद्ध झाले.

अतिदक्षता विभागातील रुग्ण

नवी मज्जा रुजेपर्यंत रुग्णास प्रतिकारशक्ती जवळजवळ नसते. त्यामुळे फुप्फुसांचा जंतुसंसर्ग हा मोठा धोका असतो व काहींना कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवावे लागते. सिअ‍ॅटल येथील वैद्यांनी अशा ८६५ रुग्णांच्या नोंदी तपासून इ.स. १९९६ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांपैकी सुमारे ६ टक्केच रुग्ण वाचले होते. फुप्फुसांच्या इजेबरोबर रक्तदाब टिकवण्यासाठी औषधे चार तासांहून अधिक काळ लागलेले किंवा यकृत व मूत्रपिंड दोन्ही निकामी झालेले रुग्ण तर कोणीच वाचले नव्हते. यंत्रोपचार कोठवर चालू ठेवावेत, हा कुटुंबीयांपुढील कठीण प्रश्न या अभ्यासामुळे आकड्यांच्या आधारे चर्चिला जाऊ लागला. त्याच वेळी, अभ्यासाच्या अखेरच्या वर्षांत वाचणाऱ्यांचे प्रमाण वाढत असल्याचेही आढळले.

पुढे जंतुसंसर्गावरील औषधे व सौम्य पूर्वोपचार आले. १९९३-९७ च्या तुलनेत २००३-०७ या काळात सिअ‍ॅटल येथे कर्करोग न उलटता पहिल्या २०० दिवसांत होणाऱ्या मृत्यूंचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी घटला होता.

भारताशी संबंध

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. सुरेश अडवाणी यांनी सिअ‍ॅटल येथे थॉमस यांच्याकडे प्रशिक्षण घेतले. इ.स. १९८३ मध्ये टाटा स्मारक रुग्णालयात रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलीवर झालेले अस्थिमज्जा प्रत्यारोपण हे भारतातील पहिले यशस्वी प्रत्यारोपण मानले जाते.

मृत्यू

थॉमस यांचे वयाच्या ९२ व्या वर्षी सिअ‍ॅटल येथे निधन झाले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, डिसेंबर २०१२ मध्ये, जगभरातील मूलपेशी प्रत्यारोपणांची संख्या दहा लाखांवर पोहोचली.