विश्लेषण : फुप्फुसांवरील स्टेम सेल उपचारांचा पाया घालणारे फ्रीडेनश्टाइन कोण?

करोनाकाळात ‘स्पुटनिक व्ही’ लशीमुळे मॉस्कोच्या गामालेया संस्थेचे नाव आपल्याकडे पोहोचले. त्याच संस्थेत अलेक्झांडर फ्रीडेनश्टाइन (1924-1997) यांनी अस्थिमज्जेवर संशोधन केले.

मज्जेत रक्तपेशी तयार होतात, हे ठाऊक होते. फ्रीडेनश्टाइन यांनी मज्जेतील पेशी प्रयोगशाळेत बशीत वाढवल्या. बहुतेक तरंगत राहिल्या. मोजक्या तळाला चिकटल्या आणि एकेकीपासून पेशींची वसाहत वाढली. प्राण्यांच्या शरीरात रोपण केल्यावर त्यांच्यापासून चक्क हाड तयार झाले. पद्धत इतकी साधी, की या पेशी वेगळ्या करण्यासाठी ती आजही वापरतात. ‘मेझेन्कायमल स्टेम सेल’ हे नाव मात्र 1991 मध्ये अमेरिकेच्या अर्नॉल्ड कॅप्लन यांनी रूढ केले.

शिरेतून दिलेल्या या पेशी बहुतांशी आधी फुप्फुसांतच अडकतात. तिथे त्या नवे फुप्फुस घडवत नाहीत. दाह कमी करणारे घटक स्रवतात. जाहिरातींत नेमका हाच फरक गाळला जातो. फुप्फुसांना तीव्र इजा झालेल्या (एआरडीएस) 60 रुग्णांवरील छोट्या अमेरिकी चाचणीत उपचार सुरक्षित ठरला, मृत्यू घटल्याचे मात्र दिसले नाही. तिचे निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. फ्रीडेनश्टाइन तेव्हा हयात नव्हते. त्यांचा शोध तर हाडांचा होता.