अभंग कोणाचा? – कै. विष्णुपंत पागनीस

संत तुकाराम म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर जो चेहरा उभा राहतो, तो खरे पाहता एका नटाचा आहे. त्या नटाचे नाव विष्णुपंत पागनीस.

विष्णुपंतांचा जन्म १८९२ साली चिकोडी येथे झाला. लहानपणीच ते नाटकमंडळीत शिरले. गळा गोड, म्हणून स्त्रीभूमिका वाट्याला आल्या. पुढे रंगभूमी सोडून ते मुंबईत शाळेत संगीत शिकवू लागले. ‘प्रभात’मध्ये तुकारामांच्या भूमिकेसाठी त्यांचे नाव निघाले, तेव्हा दिग्दर्शक दामले व फत्तेलाल यांना ते प्रथम पटले नव्हते. स्त्रीभूमिकांचे वळण अंगी मुरलेला हा माणूस तुकाराम म्हणून कसा शोभणार? पण तोच हळुवारपणा संताला शोभून दिसला!

१९३६ च्या या बोलपटाच्या सुरुवातीलाच तुकाराम तल्लीन होऊन अभंग गातात आणि पाठोपाठ तोच अभंग सालोमालो स्वतःचा म्हणून लोकांपुढे गातो. शब्द तेच, पण एकाला विठ्ठल हवा आहे, दुसऱ्याला मान! पुढची सगळी कथा या प्रसंगात बीजरूपाने आहे. चोरीचा उलटा आळ, रामेश्वरशास्त्र्यांचा कोप, इंद्रायणीत बुडवलेल्या वह्या आणि त्यांचे परत येणे, या साऱ्यांतून एकाच प्रश्नाचे उत्तर मिळते. अभंग कोणाचा? जो तो जगला, त्याचा.

हा बोलपट १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. नंतर विष्णुपंत ‘संत तुलसीदास’ (१९३९) व ‘नरसी भगत’ (१९४०) यांतही संतच झाले. १९४३ साली त्यांचे निधन झाले.

विष्णुपंतही दुसऱ्याचेच शब्द गात होते. मग ते सालोमालो का ठरले नाहीत? सालोमालोने तुकारामांचे नाव पुसून आपले घातले, तर विष्णुपंतांनी तुकारामांपुढे आपले नाव विसरू दिले. फरक एवढाच, पण केवढा मोठा!

आमच्या घरात अक्षरओळख नसलेल्या माणसांनी हेच अभंग पेरणी-कापणी करताना म्हटले. आम्ही ते पुस्तकातून शिकतो आणि परीक्षेत उतरवून गुण मिळवतो. त्या पहिल्या प्रसंगातील दोन गायकांपैकी आपण कोण, हे आपल्यापैकी प्रत्येकाने स्वतःलाच विचारायला हवे.