सतरा पटींचा ताळेबंद : अर्न्स्ट रुस्का

सोनाराला बारीक खडा बसवायचा तर आधी डोळ्याला भिंग लावावे लागते. जे दिसत नाही ते हाताळता येत नाही. आज शास्त्रज्ञ केसाहून हजारो पटींनी बारीक अशा कार्बनच्या नळ्या सुईच्या टोकाने उचलून एकमेकींना जोडतात. हे काम ज्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली चालते, त्याचे जनक म्हणजे जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट रुस्का.

त्यांचा जन्म २५ डिसेंबर १९०६ रोजी हायडेलबर्ग येथे झाला. म्युनिक व बर्लिन येथे त्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. मिलिमीटरच्या सुमारे पाच हजाराव्या भागाहून बारीक तपशील साध्या सूक्ष्मदर्शकात स्पष्ट दिसत नाही, कारण प्रकाशाच्या लहरीच त्या मानाने मोठ्या असतात. इलेक्ट्रॉनच्या लहरी कितीतरी आखूड असतात आणि वीज वाहणारे तारेचे वेटोळे त्यांना भिंगासारखे एकत्र आणते. १९३१ साली माक्स क्नोल यांच्यासह रुस्कांनी अशी दोन भिंगे लावून यंत्र उभे केले. वय अवघे चोवीस! प्रतिमा मोठी झाली ती मात्र फक्त सतरा पट.

१९३३ मध्ये त्यांनी बारा हजार पटींपर्यंत मजल मारली. तरी पैसा मिळेना. इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने नमुना जळून जाईल, अशी अनेकांना शंका होती. रुस्कांनी काही काळ दूरचित्रवाणीच्या कारखान्यात नोकरी केली. डॉक्टर असलेले धाकटे बंधू हेल्मुट आणि सहकारी बोडो फॉन बोरीस यांनी पाठपुरावा सोडला नाही. अखेर सीमेन्स कंपनीने हात दिला. १९३९ मध्ये यंत्र विक्रीस आले आणि विषाणू माणसाला स्पष्ट दिसू लागले.

नोबेल पारितोषिक मिळाले ते १९८६ साली, तब्बल ५५ वर्षांनी! त्यातला अर्धा वाटा रुस्कांचा. उरलेला अर्धा बिनिंग व रोहरर यांचा. वीज देताच किंचित लांब-आखूड होणाऱ्या स्फटिकांच्या साह्याने त्यांनी अणूंवरून सुई फिरवली होती. आजच्या अतिसूक्ष्म जोडकामात हे दोन्ही वाटे एकत्र आले आहेत. निर्वात पेटीत रुस्कांचा डोळा पाहतो आणि तशीच स्फटिकांवर चालणारी सुई हात होते. सांधा धरण्यासाठी थोडासा वायू सोडतात. इलेक्ट्रॉनांचा झोत त्याचे विघटन करून डिंकासारखा थर बसवतो.

२७ मे १९८८ रोजी बर्लिनमध्ये रुस्कांचे निधन झाले. आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी वर्षअखेर नफा-तोटा काढायला शिकतो. १९३१ च्या अखेरीस रुस्कांच्या जमेच्या बाजूला केवळ सतरा पटी होत्या. तेवढ्यावर खाते बंद केले असते, तर जगाचे केवढे नुकसान झाले असते!