दिवसाला चाळीस पंक्चर : सायकलस्वार फॅनी बुलॉक वर्कमन



आपल्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात वाडी-वस्तीवरच्या एखाद्या मुलीची शाळा सातवी-आठवीनंतर सुटते, ती पुष्कळदा अभ्यासामुळे नाही, तर अंतरामुळे. हायस्कूल लांब, एसटीची वेळ जुळत नाही, आणि एकटीला पाठवायचं कसं, हा घरच्यांना प्रश्न. दारात सायकल आली की अर्धा प्रश्न सुटतो. म्हणून आज एका सायकलस्वार बाईचं चरित्र पाहू. बाई अमेरिकन, पण सव्वाशे वर्षांपूर्वी त्यांनी आपला देश सायकलवरून पाहिला.

फॅनी बुलॉक यांचा जन्म ८ जानेवारी १८५९ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वूस्टर गावी झाला. वडील त्या राज्याचे गव्हर्नर होते. घर श्रीमंत, शिक्षण न्यूयॉर्क, पॅरिस आणि ड्रेस्डेन इथे. पुढे डॉ. विल्यम वर्कमन यांच्याशी लग्न झालं. मुलगी रॅचेल, मुलगा सिगफ्रिड. १८९३ मध्ये लहानगा सिगफ्रिड आजारपणात गेला. त्यानंतर फॅनी प्रवासाकडे वळल्या, त्या कायमच्याच.

तोवर सायकलही बदलली होती. आधीच्या सायकलचं पुढचं चाक अवाढव्य. लांब झगा घालून त्यावर चढणार कोण? १८८५ च्या सुमारास दोन्ही चाकं सारखी असलेली, साखळीवर चालणारी सायकल आली. १८८८ मध्ये डनलप यांनी हवा भरलेला टायर काढला. आता बायकांनाही सायकल जमू लागली. तेव्हा काही डॉक्टर सांगत, की सायकलमुळे बाईचा चेहरा बिघडतो! बायकांनी मात्र सायकल सोडली नाही.

फॅनी आणि विल्यम यांनी आधी अल्जीरिया आणि स्पेन सायकलवरून पालथे घातले. नोव्हेंबर १८९७ मध्ये हे जोडपं आपल्याकडच्या दौऱ्याला निघालं. फॅनी तेव्हा ३८ वर्षांच्या, विल्यम ५० वर्षांचे. कन्याकुमारीकडून हिमालयाकडे जायचं होतं. सामान मोजकंच : चहा, साखर, बिस्किटं, डबाबंद मांस, पाणी, उशी-पांघरूण, लिहायचं साहित्य, औषधं आणि दुरुस्तीची पेटी. दिवसाला कधी ४५ मैल म्हणजे ७२ किलोमीटर अंतर व्हायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर साधारण नगर ते जामखेड! रात्री कधी रेल्वेच्या वेटिंग रूममध्ये, कधी उंदीर फिरणाऱ्या खोलीत. आणि पंक्चर? एकेका दिवशी चाळीसपर्यंत! बाभळीच्या काट्यांतून सायकल काढणाऱ्या आपल्या पोरांना हा आकडा सांगून बघा, वर्ग लगेच कान देईल. या दौऱ्यावरचं त्यांचं पुस्तक १९०४ मध्ये निघालं. चौदा हजार मैलांचा आकडा त्याच्या नावातच आहे.

हिमालयात सायकल मागे राहिली आणि त्या गिर्यारोहक झाल्या. १९०६ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी त्यांनी सुमारे ६,९३० मीटर उंचीचं पिनॅकल शिखर गाठलं. स्त्रियांमधला हा उंचीचा विक्रम १९३४ पर्यंत टिकला. १९१२ मध्ये सियाचिन हिमनदीच्या मोहिमेत, स्त्रियांना मतदानाचा हक्क मागणारं वृत्तपत्र हातात धरून त्यांनी बर्फात फोटो काढून घेतला. अमेरिकेत हा हक्क देशभर मिळायला १९२० उजाडलं.

पण चरित्र सांगताना दुसरी बाजू झाकू नये. ज्या हमालांच्या पाठीवर त्यांचं सामान डोंगर चढलं, त्यांच्याशी त्यांचे सतत खटके उडाले, आणि पुस्तकांत त्यांच्याविषयी तुच्छतेने लिहिलं गेलं. स्वतःसाठी समान हक्क मागणाऱ्या बाईला ओझं वाहणारा माणूस आपल्या बरोबरीचा वाटला नाही. लेक रॅचेलही बहुतेक दाया आणि वसतिगृहांतच वाढली. ती पुढे भूशास्त्रज्ञ झाली आणि १९१९ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या पहिल्या स्त्री फेलोंपैकी एक ठरली. धाडस मोठं होतं, उणीवही खरी होती. मुलांना दोन्ही सांगावं, ती विचार करतात.

२२ जानेवारी १९२५ रोजी फ्रान्समधील कान इथे फॅनी वारल्या. मृत्युपत्रात त्यांनी अमेरिकेतल्या चार महिला महाविद्यालयांना मिळून सव्वा लाख डॉलर ठेवले होते.

पालकांना एक विनंती. मुलीला सायकल घेऊन द्याल, तेव्हा पंक्चर काढायलाही शिकवा. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघायचं, टायर चाचपून काटा आधी काढायचा, जागा घासून सोल्युशन लावायचं, ते वाळू द्यायचं आणि मग ठिगळ दाबून बसवायचं. एका सुट्टीच्या दिवसाचं काम. सायकल मिळाली म्हणजे मुलगी निघू शकते. पंक्चर काढता आलं, की वाटेत कुणाची वाट न बघता शाळेत पोहोचते.