खासगीतून लोकार्थ : अहिल्याबाईंच्या धर्मादायाची घडी

नवे लोकोपयोगी कार्य हाती घेणाऱ्यांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो पैशाचा. त्याहून बिकट प्रश्न असतो तो पैसा कोणाच्या नावावर व कोणाच्या हिशेबात ठेवायचा याचा. स्वतःची नोंदणी नसलेल्या उपक्रमाला एखाद्या जुन्या न्यासाने आपल्या छत्राखाली घ्यावे, त्याच्यासाठी देणग्या स्वीकाराव्यात आणि खर्चाचे उत्तरदायित्व पत्करावे, ही व्यवस्था आज धर्मादाय क्षेत्रात परिचित आहे. आजच्यासारखे कायदे नसलेल्या अठराव्या शतकात याच्याशी नाते सांगणारी घडी ज्या स्त्रीने बसविली, ती नगर जिल्ह्याचीच कन्या होय.

जामखेड तालुक्यातील सीना नदीकाठच्या चौंडी गावी पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरी ३१ मे १७२५ रोजी अहिल्याबाईंचा जन्म झाला. १७३३ मध्ये मल्हारराव होळकर यांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव धारातीर्थी पडले. सती जाण्यास निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी परावृत्त केले आणि पुढे राज्यकारभाराची जबाबदारी तिच्यावर सोपविली. मोहिमेवरून सुनेला लिहिलेल्या पत्रांत ते तोफखान्यासारख्या विषयांवरही आज्ञा करीत, यावरून त्यांचा विश्वास दिसून येतो. १७६६ मध्ये मल्हारराव आणि १७६७ मध्ये पुत्र मालेराव निवर्तल्यावर दौलतीची सूत्रे अहिल्याबाईंच्या हाती आली. सैन्याचे नेतृत्व त्यांनी तुकोजी होळकर यांच्याकडे दिले आणि नर्मदातीरी महेश्वर येथे राहून त्या कारभार पाहू लागल्या.

दौलत आणि खासगी

होळकरांच्या संस्थानात उत्पन्नाचे दोन भाग होते. सरदारकीचा, म्हणजे फौज व राज्यकारभाराचा, भाग तो दौलत. १७३४ मध्ये पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे स्वतंत्र जहागीर लावून दिली, ती खासगी. १७६१ मध्ये गौतमाबाईंच्या निधनानंतर खासगीचा अधिकार अहिल्याबाईंकडे आला. हे उत्पन्न त्यांचे स्वतःचे होते. ते ऐषआरामात उडविले असते तरी जाब विचारणारे कोणी नव्हते. त्यांनी मात्र ते लोकांच्या कामी लावले.

या खासगीतून काशी विश्वनाथाचे मंदिर १७८० मध्ये, सोमनाथचे १७८३ मध्ये आणि गयेचे विष्णुपद मंदिर १७८७ मध्ये उभे राहिले. हरिद्वारपासून रामेश्वरपर्यंत घाट, विहिरी, धर्मशाळा व अन्नछत्रे झाली. यांतील बहुतेक स्थळे होळकरांच्या मुलखाबाहेरची होती. तेथे ना त्यांची फौज होती, ना महसूल. अशा दूरच्या कामांना स्वतःचा खजिना नव्हता; महेश्वरची खासगी हाच त्यांचा आधार. कित्येक ठिकाणी नित्याच्या खर्चासाठी गावांचे वा जमिनींचे उत्पन्न नेमून दिलेले होते. बांधकाम एकदा होते, परंतु अन्नछत्राची चूल रोज पेटावी लागते, हे त्या जाणून होत्या.

खरी कसोटी

दौलत आणि खासगी यांमधील भिंत टिकविणे सोपे नव्हते. मालेरावांच्या मृत्यूनंतर रघुनाथराव पेशवे होळकरांच्या संपत्तीवर दृष्टी ठेवून आले, तेव्हा आपण खजिन्यावर तुळशीपत्र ठेवून तो धर्मकार्यास अर्पण केला असल्याचे अहिल्याबाईंनी त्यांना कळविले, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. दान म्हणून घ्यायचे असेल तर संकल्प सोडून देऊ, असेही त्यांनी सुनावल्याचे सांगतात. पुढे तुकोजींच्या मोहिमांना सतत पैशाची चणचण भासे, आणि त्यांच्या मागण्यांवरून दोघांत वारंवार खटके उडत. फौजेचा पगार थकला असताना धर्मादायाचा पैसा राखून ठेवणे योग्य होते काय, याविषयी इतिहासकारांत मतभेद संभवतात. तथापि त्या हट्टामुळेच या कामांना सातत्य लाभले, हे नाकारता येत नाही.

परक्याच्या धनाविषयीही त्यांची दृष्टी तितकीच स्वच्छ होती. खरगोण येथील धनाढ्य घराण्यांतील विधवांनी आपली संपत्ती त्यांना अर्पण करू केली असता ती न स्वीकारता, तुम्हीच ती लोकोपयोगी कामांत लावा, असा सल्ला त्यांनी दिल्याचे जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने नोंदविले आहे.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे अहिल्याबाईंचे निधन झाले. खासगी मात्र टिकून राहिली. स्वातंत्र्यानंतर संस्थान मध्य भारतात विलीन झाले तेव्हा खासगीच्या उत्पन्नाच्या बदल्यात दरवर्षी २ लाख ९१ हजार ९५२ रुपये धर्मादायासाठी देण्याचे ठरले. २७ जून १९६२ रोजी अहिल्याबाईंच्या नावे खासगी न्यास स्थापन होऊन २४६ मालमत्ता त्याच्याकडे आल्या. पुढे त्यांतील काहींच्या विक्रीवरून वाद उद्भवला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. हा सार्वजनिक न्यास असून मध्य प्रदेशच्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली त्याची नोंदणी आवश्यक आहे, असा निर्णय न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये दिला. जो पैसा अहिल्याबाईंनी स्वेच्छेने लोकांचा मानला, त्यावर आता कायद्याची देखरेख आली.

२०२४ मध्ये अहमदनगरचे नाव अहिल्यानगर झाले आणि २०२५ मध्ये त्यांची त्रिशताब्दी साजरी झाली. पुतळे व नामकरणे यांहून त्यांचा अधिक मोलाचा वारसा हिशेबाचा आहे. दुसऱ्याच्या छत्राखाली नवे काम सुरू करणाऱ्याने आणि ते छत्र धरणाऱ्यानेही, कार्यासाठीचा पैसा निराळा ठेवावा व निकडीच्या वेळीही त्यास हात लावू नये, हा तो धडा. चौंडीच्या या लेकीने तो शब्दांत सांगितला नाही, अठ्ठावीस वर्षे आचरून दाखविला.